ट्रेमधली माती वर पांढरी, कडेला खारी आणि मधे टणक

प्रश्न : आमचे घर चोपडा तालुक्यात असून ते जुने, धाब्याचे आहे. बाहेर ऊन सोसवत नाही म्हणून आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर वांगी, टोमॅटो आणि मिरचीचे बी घरातच, कूलरच्या खोलीत खिडकीपाशी, दोन ट्रेमध्ये आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत टाकले. शेतातली काळी माती बारीक चाळून तिच्यात निम्मे शेणखत घातले, रोग येऊ नये म्हणून वरून निंबोळी पेंड भुरभुरली आणि ओल टिकावी म्हणून प्लॅस्टिकचा कागद पांघरला. सकाळ-संध्याकाळ पाणी देते. पाणी वाया जाऊ नये यासाठी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी त्यासाठी वापरते. आता काही कप्प्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी आली आहे, डब्यांच्या कडेला पांढरा थर जमला आहे, कुठे मातीला हिरवा रंग चढला आहे, तर कुठे तिची पापडी झाली आहे. बारीक चिलटेही उडतात. टोमॅटोची काही रोपे तर एका रात्रीत आडवी झाली. दुकानदाराने बुरशीनाशकाची पुडी दिली आहे. फवारू का?

उत्तर : ताई, पुडी तूर्त फोडू नका. तुम्ही एकाच पत्रात सहा निरनिराळ्या तक्रारी लिहिल्या आहेत. त्यांपैकी कडेचा थर, पापडी आणि चिलटे यांचा बुरशीनाशकाशी काही संबंध नाही, हिरव्या रंगासाठी औषधाची गरज नाही आणि कापसासारखी बुरशी दिसायला वाईट असली तरी बहुधा निरुपद्रवी असते. राहता राहिली ती आडवी झालेली रोपे. तिथे औषधाचा विचार करता येतो, पण कोणते औषध यावर सगळे अवलंबून आहे. या सहाही तक्रारींच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट दिसते. तुम्ही घातलेले पाणी खाली झिरपून जात नाही. ते मातीच्या वरच्या अर्ध्या इंचात रेंगाळते आणि तिथूनच काय ते हवेत उडून जाते. त्यामुळे वरचा थर एकीकडे सतत ओला राहतो आणि दुसरीकडे पाण्यातले सगळे क्षार त्याच थरात साठत जातात.

सर्वांत आधी टोमॅटोच्या रोपांकडे पाहू, कारण तिथे एका दिवसाचाही उशीर महाग पडतो. आडवे झालेले एक रोप अलगद उपटा आणि मातीच्या पातळीवरचा देठ उजेडात धरून पाहा. तो देठ पाणी भरल्यासारखा तपकिरी होऊन दोऱ्याइतका बारीक झाला असेल आणि वरची दोन दळे, म्हणजे बीतून निघालेली पहिली दोन पाने, मात्र अजून हिरवीगार असतील, तर ती रोपांची मर आहे. देठ घट्ट व हिरवा असेल, माती कोरडी असेल आणि पाणी दिल्यावर इतर रोपे तासाभरात सावरत असतील, तर ती केवळ तहान समजावी. मर घडवून आणणाऱ्या, मातीतल्या बुरशीवर्गीय जंतूंमध्ये पिथियम आणि रायझोक्टोनिया ही नावे प्रामुख्याने येतात. पिथियमची बीजे पाण्यात अक्षरशः पोहत एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात, त्यामुळे साचलेली ओल हाच त्यांचा रस्ता असतो. शिवाय पिथियमची एक जात तीस अंशांच्या वरच्या उष्णतेतच अधिक जोर धरते, त्यामुळे आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा हा रोग सवड देत नाही. आडवे झालेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते कप्पा आणि त्यातल्या मातीसकट काढा, त्याला लागून असलेल्या चारही बाजूंचे कप्पे रिकामे करा, ती माती घरातल्या कुंड्यांत न टाकता बाहेर उन्हात पसरा आणि नंतर हात धुऊनच बाकीच्या रोपांना हात लावा. उरलेल्या ट्रेला लगेच पाणी देऊ नका. ट्रे उचलून पाहिल्यावर तो स्पष्टपणे हलका लागेपर्यंत थांबा. प्लॅस्टिकचा कागद तर आत्ताच, हे वाचून होताच काढून टाका. बी निम्मे उगवले की त्या कागदाचे काम संपते आणि त्यानंतर तो फक्त रोगाला आसरा देतो.

औषधाबद्दल इतकेच की, दुकानातून सर्रास हाती पडते ते कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. रायझोक्टोनियावर त्याचा उपयोग होतो. पण ट्रेमध्ये या दोघांपैकी कोण आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून तुमची पुडी त्या औषधाची असेल तर पैसे आणि धीर दोन्ही वाया जाण्याची शक्यता मोठी आहे. रोपवाटिकेत मर दिसू लागली की कॉपर ऑक्सिक्लोराईड दहा लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम या प्रमाणात मिसळून मातीत ओतण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. त्याने उभी असलेली रोपे वाचू शकतात, पडलेली नव्हे. वर सांगितलेले सगळे करूनही पुढच्या दोन-तीन दिवसांत मर पसरतच राहिली, तरच तिकडे वळा. तेही घरात नाही. ट्रे बाहेर सावलीत न्या, हातमोजे घाला, पाकिटावरची सूचना वाचा आणि कप्पे निथळून कोरडे झाल्याशिवाय ट्रे पुन्हा घरात आणू नका. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे फवारणी करणे कोणत्याही रोपाच्या मोलाचे नाही.

आता पांढऱ्या रंगाकडे येऊ. तुम्ही बुरशी आणि कडेचा थर या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत हे चांगले केले, कारण पुष्कळ जण दोहोंना बुरशीच समजतात. खात्री करून घ्यायची असेल तर बोट लावून पाहा. बुरशी मऊ व तंतुमय असते, बोटाने पुसली की कोळ्याच्या जाळ्यासारखी गोळा होते आणि तिला ओलसर कुबट वास येतो. क्षार बोटाला खरखरीत लागतो, त्याचा चुरा होतो, त्याला वास नसतो आणि तो मातीच्या उंचवट्यांवर व डब्याच्या कडेला, म्हणजे जिथून पाणी सर्वांत जास्त उडते तिथे, आधी दिसतो. पाणी पडले की तो विरघळून नाहीसा होतो आणि माती सुकली की परत वर येतो. कडेवरचा थोडा थर नखाने खरवडून बशीत घ्या आणि त्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक फेस आला तर तो चुन्याचा क्षार आहे. फेस आला नाही म्हणून मात्र क्षार नाहीच असे समजू नका, कारण मीठ किंवा तत्सम क्षार फेसाळत नाहीत. ही परीक्षा थेट मातीवर करण्यातही अर्थ नाही, कारण आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे मुळातच असतात आणि ती माती आपणहूनच फेसाळते.

तुमच्या ट्रेवरची बुरशी आली कुठून, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. निंबोळी पेंड मातीत मिसळून मुरवली तर ती उपयोगी पडते. ओल्या मातीवर नुसती भुरभुरली आणि वर प्लॅस्टिक पांघरले, तर कुजण्याच्या पहिल्या पायरीला तिच्यावरच पांढरा कापूस उगवतो. ती बुरशी पेंड आणि अर्धवट कुजलेले शेणखत खाते, जिवंत रोप खात नाही. चमच्याने वरची पेंड आणि तिच्याखालची पाव इंच माती हलकेच काढून टाका, हवा खेळती ठेवा, आणि दोन-तीन दिवसांत ती बुरशी आपोआप ओसरेल. तरीही तिच्याकडे दुर्लक्ष करू नका असे सांगतो, कारण ज्या ओलीत ही निरुपद्रवी बुरशी वाढते त्याच ओलीत पिथियमही वाढतो.

क्षाराचा प्रश्न याहून चिवट आहे, आणि इथे तुमची काटकसरच आड आली आहे. शुद्धीकरण यंत्र बोअरच्या पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही; पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार ते दुसऱ्या नळीने बाहेर सोडते, त्यामुळे ते टाकाऊ पाणी मुळातल्या जड पाण्यापेक्षाही अधिक खारे असते. त्याने फरशी पुसा, मोरी धुवा, गाडी धुवा; चार दिवसांच्या रोपांना मात्र ते देऊ नका. हीच गोष्ट कूलरच्या टाकीतल्या पाण्याची. दिवसभर पाणी उडत राहते, क्षार टाकीत मागे राहतात आणि आपण वरून पुन्हा जड पाणी ओतत राहतो. कूलरच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या महिन्याभरात पांढऱ्या आणि कडक होतात, त्यांवर जे साठते तेच तुमच्या डब्यांच्या कडेला साठले आहे. ताटी एकदा बोटाने घासून पाहिली की तुमची खात्री पटेल. आइस्क्रीमच्या डब्यांना तळाशी भोके नसतील, तर घातलेल्या प्रत्येक थेंबातला क्षार आतच राहतो, बाहेर जाण्याचा त्याला दुसरा मार्गच नसतो.

रोपांना पाणी लागते तरी किती? दोन ट्रे आणि काही डबे यांना मे महिन्यातही दिवसाला लिटर-दोन लिटर पुरते. तेव्हा यंत्रातून येणारे पिण्याचे पाणी निम्मे आणि बोअरचे निम्मे असे मिसळून द्या. पाऊस सुरू झाला की पहिली सर वाहून जाऊ द्या आणि त्यानंतरचे पाणी घंगाळात किंवा पिंपात धरून ठेवा. रोपांसाठी त्याहून चांगले पाणी नाही. पाणी उकळल्याने चुन्याचा काही भाग खाली बसतो, पण मीठ व सोडियम जात नाही, त्यामुळे गॅस जाळण्यात फारसा फायदा नाही. ज्यांच्या बोअरचे पाणी मचूळ लागते त्यांनी ते एकदा तपासूनच घ्यावे. जळगावजवळ ममुराबाद, रावेर तालुक्यात पाल, तसेच धुळे आणि नंदुरबार येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. माती-पाणी परीक्षणासाठी कुठे जावे हे तिथे सांगितले जाते. अहवालात विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती आहेत याचे माप, 0.7 डेसिसीमेन प्रति मीटरच्या आत असेल तर पाणी निर्धास्त वापरावे, 3 च्या वर असेल तर रोपांच्या आसपासही आणू नये, आणि मधल्या आकड्यांत गोडे पाणी मिसळून भागवावे.

ज्या डब्यांत थर जमला आहे त्यांतली वरची पाव इंच माती काढून टाका आणि तापवलेल्या खिळ्याने तळाला पाच-सहा भोके पाडा. एरवी वरून भरपूर गोडे पाणी सोडून क्षार धुऊन काढण्याचा उपाय सांगितला जातो, पण काळ्या मातीत पाणी लवकर उतरत नाही आणि मर डोक्यावर असताना माती तुडुंब भिजवणे हा जुगार आहे. त्यापेक्षा टोमॅटोच्या ज्या रोपांना पहिले खरे पान फुटले आहे ती नव्या मिश्रणात हलवा. उचलताना दळाला धरा, देठाला नको. दळ फाटले तरी रोप जगते, देठ चिरडला तर जगत नाही. वांगी आणि मिरची हलवायला आणखी थोडे दिवस थांबा, त्यांची मुळे हळू वाढतात.

पापडीचे कारण सांगताना आपल्या काळ्या मातीची बाजू मांडणे भाग आहे. शेतात हीच माती पाणी धरून ठेवते म्हणून कापूस आणि रब्बीची ज्वारी तग धरते; परंतु शेतातला गुण दीड इंच खोल कप्प्यात दोष ठरतो. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. तुम्ही ती बारीक चाळून घेतलीत, म्हणजे तिच्यातली उरलीसुरली ढेकळे आणि त्यांच्यामधली हवेची पोकळीही गेली. वरून पाण्याची धार पडली की मातीचे सूक्ष्म कण सुटतात, फटींत जाऊन बसतात, आणि ऊब लागून सुकले की पापडी तयार होते. पाण्यात सोडियम जास्त असेल तर हे अधिकच लवकर घडते. कोवळा कोंब ती पापडी एखाद्या झाकणासारखी डोक्यावर घेऊन वर येताना तुम्ही पाहिला असेल. ज्या कोंबाला तेवढे बळ नसते तो खालीच वाकडा होऊन कुजतो आणि आपण बियाणे खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडतो. आकसलेल्या मातीचे आणखी एक लक्षण म्हणजे पाणी घालताच ते कप्प्याच्या भिंतीलगतच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. ताटलीत पाणी दिसते, आपण समाधानी होतो, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो.

सध्याच्या ट्रेपुरते एवढे करा की, पापडीवर बारीक फवाऱ्याने पाणी मारून दहा मिनिटे थांबा, मग दात कोरायच्या काडीने ती कडेकडेने सैल करा. काडी दोन-तीन मिलिमीटरहून खोल जाऊ देऊ नका. त्यानंतर धुतलेल्या भरड वाळूचा पातळ थर सगळ्या ट्रेवर पसरा. ही वाळू नदीची, डाळीच्या कण्यांएवढी असावी. बांधकामाची बारीक भुकटी चालणार नाही, ती मातीत बसून पुन्हा तीच पापडी तयार करते. वाळूमुळे पाण्याच्या थेंबाचा मार मातीला बसत नाही, वरचा थर लवकर सुकतो आणि चिलटांना अंडी घालायला ओली माती सापडत नाही, असे तीन फायदे एका मुठीत होतात. यापुढे वरून पाणी घालणेही बंद करा. ट्रे परातीत ठेवून परातीत बोटभर पाणी ओता, पंधरा-वीस मिनिटांत वरचा भाग ओलसर दिसू लागला की ट्रे बाहेर काढून निथळत ठेवा आणि परातीत उरलेले पाणी फेकून द्या. खालून पाणी दिल्याने क्षार मात्र हळूहळू वर चढतात, म्हणून गोडे पाणी वापरण्याची अट इथे अधिकच महत्त्वाची आहे.

हिरवा रंग म्हणजे शेवाळ. ओल, उजेड आणि खत एकत्र आले की ते येतेच. ते रोपाला खात नाही, पण जाड झाले की पाणी आत जाऊ देत नाही. काडीने खरवडा, वाळू पसरा, विषय संपला. शेवाळ आले म्हणजे रोपांना उजेड पुरेसा आहे असा अर्थ मात्र काढू नका. शेवाळाला थोडका उजेडही चालतो, आणि धाब्याच्या घराच्या लहान खिडकीतला उजेड वांग्या-मिरचीच्या रोपांना कमीच पडतो. रोपे लांबट होऊन खिडकीकडे झुकत असतील तर साधी एलईडी ट्यूब ट्रेच्या वर वीतभर अंतरावर टांगून रोज चौदा तास लावा. उजेड मिळालेल्या रोपाचा देठ लवकर टणक होतो आणि टणक देठाला मर सहसा लागत नाही.

चिलटांबद्दल आधी एक खात्री करून घ्या. चोपड्याच्या घरात केळी नसतील असे होणे नाही, आणि पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी लालसर डोळ्यांची चिलटे वेगळी असतात. ट्रेला टिचकी मारा. मातीवरून काळसर, डासासारखी नाजूक चिलटे धावत सुटली किंवा अडखळत उडाली, तर ती बुरशीवर जगणारी चिलटे होत. मोठी चिलटे काहीच खात नाहीत म्हटले तरी चालेल. त्यांच्या अळ्या मात्र मातीतली बुरशी, शेवाळ, कुजके खत आणि ते कमी पडले तर कोवळी मुळेही कुरतडतात, आणि त्या जखमांतून मर आत शिरते. अळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी उलटून पाहा. पारदर्शक पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या चकतीला चिकटलेल्या दिसल्या, तर चकती फेकून नवी लावा. थोड्याफार अळ्या अशाच निघून जातात. उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून तो मातीलगत उभा करा. अंड्यापासून चिलट होईपर्यंत साधारण अडीच-तीन आठवडे लागतात, म्हणून पुठ्ठा आठवड्यात काढून टाकू नका. खरा उपाय वरचा थर सुकू देणे हाच आहे. कृषी सेवा केंद्रात बीटी या नावाने मिळणारे जैविक औषध या चिलटांसाठी घेऊ नका. तिथे सहसा मिळते ती जात बोंडअळीसारख्या अळ्यांसाठी असते, चिलटांच्या अळ्यांवर ती चालत नाही.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी शेजारीपाजारी सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. चुलीची राख टाकू नका. तिच्यात क्षार असतात आणि तुमच्या मातीला व पाण्याला त्याची अजिबात गरज नाही. ताक म्हणजे बुरशीला आयते जेवण. हळद किंवा दालचिनीची पूड भुरभुरल्याने फार नुकसान नाही, वरची बुरशी थोडी दबतेही. परंतु माती ओलीच ठेवली तर हा खर्च स्वयंपाकघरातच बरा.

ट्रे कूलरच्या खोलीत ठेवण्यामागचा तुमचा विचार बरोबर होता, कारण बाहेर 44-45 अंश असताना टोमॅटोचे बी नीट उगवत नाही. पण दारे-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतली हवा दमट आणि कोंदट होते. ट्रे शेजारच्या खोलीत हलवा, किंवा कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर पडू द्या, आणि दिवसातून काही तास पंखा अगदी हळू लावा. कोरड्या हवेत कप्पे लवकर सुकतील हे खरे, म्हणून ट्रे सकाळ-संध्याकाळ उचलून पाहा. पाणी मात्र तो हलका लागला तरच द्या.

आता पुढची पेरणी. जूनचा पहिला पंधरवडा अजून हातात आहे आणि खरिपाची वांगी व मिरची तेव्हा टाकली तरी चालतात, त्यामुळे गेलेल्या रोपांचे दुःख करण्याचे कारण नाही. ट्रेसाठी काळी माती पूर्णपणे वगळा. तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याची भुकटी), एक भाग चाळलेले गांडूळखत आणि एक भाग धुतलेली भरड वाळू एवढे पुरे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते लगेच वापरू नका. नारळाच्या काथ्यात मीठ असते, म्हणून सुटी झालेली भुकटी गोणपाटात बांधून दोन-तीनदा पाण्याने धुवा, शेवटचे पाणी गोडे असू द्या, आणि निथळणाऱ्या पाण्याचा चहासारखा रंग फिका पडला की थांबा. कोकोपीट वरून लवकर फिकट पडते आणि खाली ओलेच असते, या फसवणुकीला पुष्कळ लोक बळी पडतात. तिथेही ट्रेचे वजनच खरे सांगते. काळी माती घ्यायचीच असेल तर ती एका भागापेक्षा अधिक नको, आणि तीही तापवलेली हवी. ओलसर माती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत वीतभराहून कमी जाडीत पसरून, तोंड बांधून धाब्यावर ठेवली, तर खानदेशच्या उन्हात महिन्याभरात तिच्यातले बहुतेक रोगजंतू मरतात. यासाठी काळे प्लॅस्टिक वापरू नका. पारदर्शक प्लॅस्टिकमधून ऊन आत शिरते आणि माती अधिक तापते. यंदा त्याला वेळ उरलेला नाही, पण पुढच्या चैत्रात एक पिशवी ठेवून द्या.

भरताच्या वांग्याचे बी तुम्ही घरचे धरलेले असेल, तर पेरण्यापूर्वी ते किंचित ओले करून ट्रायकोडर्माची भुकटी चोळा. किलोला चार-पाच ग्रॅम हे प्रमाण आहे, म्हणजे तुमच्या मुठीभर बियांना चिमूटभरसुद्धा पुष्कळ झाली. विकतचे रंगीत बी आधीच औषध लावलेले असते, त्याला पुन्हा काही लावू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे, म्हणून ती वापरल्यावर त्याच ट्रेमध्ये रासायनिक बुरशीनाशक ओतले तर दोन्हींचे पैसे फुकट जातात. बी अर्ध्या सेंटिमीटरवर टाका, वरून वाळू किंवा चाळलेले कोकोपीट घाला, माती घालू नका.

जुने ट्रे वापरण्याआधी त्यांतली माती ब्रशने घासून काढा, कपडे धुताना वापरतात ते पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असे द्रावण करून त्यात ट्रे दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा आणि मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. वाळवण्यासाठी ते तासभर उन्हात ठेवले तरी पुरे. मेच्या उन्हात दिवसभर विसरलेले पातळ प्लॅस्टिकचे ट्रे पुढच्या हंगामात हातातच तुटतात.